दक्षिण मुंबईत पैसे न खर्चता काय पाहावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्ट, काळा घोडा, कुलाबा, चर्चगेट, गिरगाव आणि मलबार हिल या भागांतील विनामूल्य ठिकाणांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तर एकदा दिले असेल, तर पुढे त्याच प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या भागात खरोखरच फुकट पाहण्यासारखे एवढे काय आहे? एका दिवसात सगळे होईल का?

एका दिवसात सगळे होणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिण मुंबईतील सर्वोत्तम गोष्टी दर्शनी भागातच आहेत. कोरीव दगड, कमानी, कारंजी, मैदाने, समुद्र आणि देणगीदारांच्या पैशातून लोकांसाठी उभ्या राहिलेल्या इमारती रस्त्यावरून चालणाऱ्या कोणालाही दिसतात. मात्र त्या दिसण्यासाठी थांबावे लागते, मान वर करावी लागते. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनी सकाळी फोर्ट, दुपारी काळा घोडा आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह एवढेच ठरवावे. गिरगाव आणि मलबार हिल दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावेत.

२. सुरुवात कोठून करावी? जाण्यायेण्याचा खर्च किती येतो?

मध्य किंवा हार्बर मार्गाने येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून (सीएसएमटी) आणि पश्चिम मार्गाने येणाऱ्यांनी चर्चगेटवरून सुरुवात करावी. दोन्ही स्थानकांमधले अंतर आरामात चालण्याइतके आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागली आहे. या मार्गावरील हुतात्मा चौक स्थानकातून बाहेर आले की माणूस थेट फोर्टच्या मध्यभागी उभा असतो. प्रवासाचा खर्च अर्थातच टळत नाही. लोकलचे किमान भाडे ५ रुपये आहे आणि बेस्टच्या साध्या बसचे मे २०२५ पासून १० रुपये. एकदा पोहोचल्यावर मात्र फोर्ट ते गेटवे हा सारा टापू पायीच पाहावा, कारण टॅक्सीच्या खिडकीतून इमारतींचे तळमजलेच तेवढे दिसतात.

३. सीएसएमटीची इमारत आतून पाहायची तर तिकीट काढावे लागते का?

हे उत्तर तीन भागांत द्यावे लागते. बाहेरून पाहायला काहीच लागत नाही. फलाटांवर जायचे तर प्रवासाचे किंवा फलाटाचे तिकीट हवे. आणि इमारतीतील वारसा दालन पाहायचे तर त्याचे वेगळे तिकीट आहे.

पण बहुतेकांना ठाऊक नसलेली एक जागा आहे. लोकलची तिकिटे देणारे जुने तिकीटघर, ज्याला स्टार चेंबर म्हणतात, ते रोजच्या प्रवाशांसाठी खुले असते. तेथे रांगेतील लोकांच्या वाटेत न येता एका खांबाजवळ उभे राहून वर पाहावे. टोकदार कमानींवर पेललेले छत आणि त्यावरचे तारे दिसतात. खांबांच्या माथ्यांवर पाने कोरलेली आहेत आणि एकाची पाने दुसऱ्यासारखी नाहीत. खाली रोजची घाई चाललेली असते, आणि हे काम तिच्या डोक्यावर सव्वाशेहून अधिक वर्षे टिकून आहे.

स्थानकाचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. २००४ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा दिला. बाहेरून पाहताना फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, घुमटावरची प्रगतीची मूर्ती आणि भिंतींवर कोरलेले मोर व माकडे आवर्जून शोधावीत. मुलांना हा शोध फार आवडतो. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच असून ती १८९३ मध्ये पूर्ण झाली.

४. हुतात्मा चौकात कारंज्याशिवाय काय आहे?

फ्लोरा फाउंटन नावाचे हे कारंजे १८६४ चे आहे. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवता. मुंबईच्या किल्ल्याचे चर्चगेट नावाचे दार होते, त्या जागी हे कारंजे उभे आहे. त्याच्या शेजारीच हातात मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराचे हुतात्मा स्मारक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभरांहून अधिक माणसांनी प्राण दिले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला होता. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्याची किंमत या चौकात मोजली गेली आहे. म्हणून मराठी माणसाने येथे छायाचित्र काढून लगेच पुढे जाऊ नये, दोन मिनिटे थांबून स्मारक नीट पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चौकाच्या आसपासच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. पुस्तके चाळायला पैसे पडत नाहीत, पण चाळलेले पुस्तक जागच्या जागी ठेवावे.

५. ओव्हल मैदान म्हणजे नुसते मैदानच ना? तेथे पाहायचे काय?

ओव्हलच्या मधोमध उभे राहून आधी पूर्वेकडे आणि मग पश्चिमेकडे तोंड करावे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांची एकोणिसाव्या शतकातील गॉथिक रांग आहे. तेथे टोकदार कमानी, उतरती छपरे, मनोरे आणि कोरीव दगड दिसतात. पश्चिमेला १९३० च्या दशकात समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती आहेत. त्यांचे कोपरे गोलाकार असून खिडक्यांवर भुवयांसारखे पातळ छज्जे आहेत आणि दर्शनी भागावर इमारतीचे नाव वळणदार अक्षरांत कोरलेले आहे. दोन शतकांची मुंबई समोरासमोर उभी राहून एकमेकींकडे पाहते आणि मध्ये पोरे क्रिकेट खेळत असतात. जून २०१८ मध्ये युनेस्कोने या साऱ्या समूहाला जागतिक वारसा ठरवले. त्यात ९४ इमारती आहेत.

क्रिकेटची गोडी असलेल्यांनी आझाद मैदानावरही चक्कर मारावी. एकाच मैदानावर इतके सामने एकमेकांना खेटून चाललेले असतात की एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा दिसतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली, ती याच मैदानावर. कडेने उभे राहून सामना पाहायला कोणी मनाई करत नाही, मात्र सीमारेषा ओलांडू नये.

६. राजाबाई टॉवरवर चढता येते का?

सर्वसामान्य पाहुण्यांना वर जाता येत नाही. तो ओव्हलवरूनच पाहावा, आणि खरे तर तेथूनच तो पूर्ण दिसतो. त्याची उंची सुमारे ८५ मीटर आहे. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा असून काम १८७८ मध्ये पूर्ण झाले. कापसाच्या व्यापारात नाव मिळवलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे दिले आणि टॉवरला आपल्या आईचे नाव दिले. पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या वेशातील २४ मूर्ती त्यावर आहेत. त्या नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असल्याने घरात दुर्बीण असल्यास बरोबर आणावी.

७. काळा घोडा परिसरातील कोणती दालने विनामूल्य आहेत आणि कोणती नाहीत?

जहांगीर कलादालनात प्रवेश विनामूल्य आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे दालन १९५२ मध्ये सुरू झाले. तेथे एकाच वेळी अनेक चित्रकारांची प्रदर्शने चालू असतात आणि ती दर आठवड्याला बदलत राहतात. चित्रकार स्वतः बहुधा खोलीतच बसलेला असतो. पुष्कळ लोक संकोचाने त्याच्याशी बोलत नाहीत. तसे करू नये. चित्र विकत घेणार नसलात तरी एखादा प्रश्न विचारावा. चंद्रपूर, कोल्हापूर किंवा नांदेडहून आठवडाभरासाठी येऊन बसलेल्या माणसाला कोणीतरी आपले काम नीट पाहिले याचे मोल फार वाटते. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले असतात.

समोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि शेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही दोन्ही ठिकाणे सशुल्क आहेत. डेव्हिड ससून ग्रंथालयाचे वाचनालय सभासदांसाठी आहे, पण १८७० ची ती इमारत बाहेरूनही पाहण्याजोगी आहे.

८. काळा घोडा नाव पडले, पण तो घोडा कोठे आहे?

मूळ पुतळा काळ्या घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्ड राजाचा होता. १९६५ मध्ये तो तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. घोडा गेला तरी नाव लोकांच्या तोंडातून गेले नाही. २०१७ मध्ये त्या भागात स्वाराशिवायचा नवा काळा घोडा उभारला गेला, आज दिसतो तो हाच.

९. काळा घोडा महोत्सवातील सगळे कार्यक्रम खरोखर फुकट असतात का?

हा महोत्सव १९९९ पासून भरतो आणि साधारणतः जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस चालतो. कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असला, तरी सभागृहांतील जागा मर्यादित असतात आणि काही कार्यशाळांसाठी आधी नाव नोंदवावे लागते. शनिवारी-रविवारी गर्दी इतकी होते की रस्त्यावरच्या मांडणशिल्पांपर्यंत पोहोचणेही अवघड जाते. कामाच्या दिवशी दुपारी जाणे केव्हाही चांगले.

१०. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर बसता येते का? आत जाता येते का?

ही सोसायटी ज्या टाउन हॉलमध्ये आहे, त्याच्या त्या ३० पायऱ्या आणि वरचे भव्य खांब मुंबईकरांच्या मनात इतके घर करून आहेत की हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. इमारत १८३३ मध्ये पूर्ण झाली. सुरक्षारक्षक सांगतील त्याप्रमाणे वागावे. ते उठायला सांगतील तेव्हा वाद घालू नये, कारण हे चालू ग्रंथालय आहे. पुस्तके हाताळणे आणि वाचनकक्षात बसणे हा सभासदांचा हक्क आहे. तुम्ही खरोखर अभ्यासासाठी आला असाल, तर दाराशी तसे सांगून चौकशी करावी.

पायऱ्यांसमोरच हॉर्निमन सर्कलची बाग आहे. ती विनामूल्य असून फोर्टमधली सर्वांत सावलीची जागा तीच. बॉम्बे क्रॉनिकल या वृत्तपत्राचे संपादक बेंजामिन हॉर्निमन इंग्रज असूनही भारतीयांच्या बाजूने लिहीत राहिले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर काढले. स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलला त्यांचे नाव देण्यात आले. दुपारी एकच्या सुमारास आसपासच्या बँकांतील माणसे येथे डबा उघडून बसतात. त्या वेळी बाक मिळणे कठीण असते.

११. गेटवे ऑफ इंडियाला तिकीट आहे का? आणि एलिफंटा?

गेटवेला तिकीट नाही, फक्त सुरक्षा तपासणी आहे, त्यामुळे मोठ्या पिशव्या आणू नयेत. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज येथे उतरला, तेव्हा ही कमान अस्तित्वातच नव्हती. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे काम पूर्ण होऊन उद्घाटन झाले ते ४ डिसेंबर १९२४ रोजी. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली. समोर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले. दोन्ही एका नजरेत येतील अशा जागी उभे राहून पाहावे.

एलिफंटा, म्हणजे घारापुरीची लेणी, मात्र विनामूल्य नाहीत. लाँचचे भाडे आणि लेण्यांचे तिकीट असे दोन्ही द्यावे लागते, आणि सोमवारी लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही, पण ही सवलत लाँचला लागू नसते. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनी पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना प्रवेश निःशुल्क केला जातो, तेव्हाही लाँचचे पैसे द्यावेच लागतात.

कबुतरांना दाणे टाकू नयेत, त्यासाठी दंड होऊ शकतो.

१२. ससून डॉकवर बाहेरच्या माणसाने गेले तर चालते का?

चालते, पण तो मासळीचा बाजार आहे आणि तेथे प्रत्येकाची कामाची घाई असते, हे लक्षात ठेवून जावे. १८७५ च्या या गोदीत पहाटे पाचच्या सुमारास बोटी रिकाम्या होऊ लागतात. लिलावात टोपल्यांभोवती कडे होते, कोळीण आकडा उच्चारते, दुसरी मानेनेच नकार देते आणि काही क्षणांत टोपली डोक्यावर चढून निघूनही जाते. बाजूला बायका जमिनीवर ओळीने बसून कोलंबी सोलत असतात. त्यांची बोटे इतकी भराभर चालतात की टरफल नेमके कधी सुटले हे डोळ्यांना कळत नाही. सातनंतर पोहोचलात, तर यातले बरेचसे संपलेले असेल.

जुनी, पाण्यात धुता येतील अशी पादत्राणे घालावीत. हातगाडीवाल्याने आवाज दिला की ताबडतोब बाजूला व्हावे. छायाचित्रांवर येथे बंधन आहे; त्याविषयी प्रश्न १९ पाहावा.

१३. चर्च, सिनेगॉग, अग्यारी अशा ठिकाणी सर्वांना प्रवेश असतो का?

सरसकट होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. हॉर्निमन सर्कलजवळचे सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले. चर्चगेटला नाव मिळाले ते याच चर्चवरून. तेथे सर्वांना विनामूल्य जाता येते. भिंतींवरची संगमरवरी स्मृतिशिल्पे वाचत फिरले, तर जुन्या मुंबईत माणसे किती तरुण वयात मरत होती हे समजते. प्रार्थना चालू असताना फिरू नये.

काळा घोड्याजवळचे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८८४ चे आहे. तेथे सुरक्षा कडक आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे.

अग्यारीत, म्हणजे पारशी अग्निमंदिरात, पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, आणि याला अपवाद नाही. क्रॉस मैदानाजवळच्या १७२५ च्या भिखा बेहराम विहिरीलाही हाच नियम लागू आहे. ती बाहेरून पाहून नमस्कार करावा. दारात उभे राहून 'फक्त एक मिनिट' म्हणत आग्रह धरणे योग्य नाही.

१४. मरीन ड्राइव्हवर कोणत्या वेळी जावे? पावसाळ्यात लाटा पाहायला जाणे सुरक्षित आहे का?

साडेतीन किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या या रस्त्याचे अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग आहे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी नरिमन पॉइंटच्या टोकाला पोहोचावे आणि गिरगाव चौपाटीच्या दिशेने चालत जावे, म्हणजे दिवे लागताना त्यांची संपूर्ण माळ समोर दिसत राहते. पहाटेचे मरीन ड्राइव्ह त्याहूनही सुंदर असते, असे मला वाटते. तेव्हा गाड्यांचा आवाज नसतो आणि दगडांमध्ये शिरणारे पाणी ऐकू येते.

पावसाळ्यात भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय जाऊ नये. साडेचार मीटरहून उंच लाटांच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. अशा वेळी पोलीस कठड्यापासून दूर राहायला सांगतात, त्यांचे ऐकावे. कठड्यापलीकडच्या चारपायी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर तर कोणत्याही ऋतूत उतरू नये. त्यांवर शेवाळ असते, आणि दोन ठोकळ्यांच्या फटीत पडलेल्या माणसाला वर काढणे अग्निशमन दलालाही सोपे नसते. दरवर्षी मुंबईच्या किनाऱ्यावर माणसे बुडतात, म्हणून हे इतके स्पष्ट लिहिले आहे.

१५. गिरगावात स्वातंत्र्यलढ्याशी संबंधित विनामूल्य ठिकाणे कोणती?

चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२० मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूवर. तेथून गावदेवीच्या दिशेने थोडे चालले की मणि भवन लागते. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की या घरात उतरत. प्रवेश विनामूल्य आहे, देणगीची पेटी ठेवलेली आहे. त्यांची खोली, चरखा, ग्रंथालय आणि आयुष्यातील प्रसंगांचे छोटे देखावे पाहायला मिळतात. जानेवारी १९३२ मध्ये त्यांना अटक झाली ती याच घराच्या गच्चीवरून. जवळच ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे पूर्वीचा गवालिया टँक आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा ठराव तेथे झाला. ही तीनही ठिकाणे एकाच सकाळी होतात.

१६. लहान मुलांना कोठे न्यावे? म्हातारीचा बूट अजून आहे का?

आहे. मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानात बुटाच्या आकाराची ती वास्तू उभी आहे. आजी-आजोबांनी लहानपणी त्यात शिरून काढलेले छायाचित्र घरात असेल, तर ते बरोबर घेऊन जावे आणि नातवंडांना त्याच जागी उभे करावे. रस्त्यापलीकडचे फिरोजशाह मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन, पाण्याच्या टाकीवर वसवलेले आहे. दोन्ही उद्याने विनामूल्य आहेत. याच टेकडीवर २०२५ मध्ये सुरू झालेल्या निसर्ग उन्नत मार्गाला मात्र तिकीट असून ते आधी आरक्षित करावे लागते. अनेक कुटुंबे तेथे जाऊन हिरमुसली होऊन परततात, म्हणून हा भेद मुद्दाम सांगितला.

१७. बाणगंगा पाहायला काही नियम आहेत का?

तिकीट नाही. वाळकेश्वरचा हा तलाव शिलाहारांच्या काळातील मानला जातो. रामाने, आणि काहींच्या मते लक्ष्मणाने, बाण मारून येथे गंगा आणली अशी कथा आहे. येथे मृतांचे विधी चालू असतात. डोक्याचे केस उतरवलेला मुलगा पायरीवर पिंड घेऊन बसलेला असेल, तर त्याच्याकडे कॅमेरा वळवू नये.

१८. पाऊस लागला किंवा बरोबर गुडघेदुखी असलेले आजोबा असले, तर काय करावे?

पावसासाठी दादाभाई नौरोजी मार्ग उत्तम. हुतात्मा चौकापासून सीएसएमटीच्या दिशेने जाताना बराच भाग इमारतींच्या कमानींखालून, डोक्यावर थेंब न पडता चालता येतो. पुढे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. दारावरची शेतकऱ्यांची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची आहेत. जहांगीर आणि स्टार चेंबर हे पर्यायही आहेत (प्रश्न ७ आणि ३).

ज्येष्ठांसाठी मरीन ड्राइव्ह आणि हॉर्निमन सर्कल सपाट आहेत आणि बसायलाही जागा आहे. एशियाटिक आणि बाणगंगा येथे पायऱ्यांची तयारी हवी.

१९. कॅमेरा नेला तर पैसे पडतात का?

रस्त्यावरून मोबाइलने काढलेल्या छायाचित्रांना काही पडत नाही. तिपाई लावली किंवा कपडे बदलून लग्नाआधीची छायाचित्रे काढायला सुरुवात केली, की परवानगीचा प्रश्न येतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये. स्थानकांवर व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वेची परवानगी लागते. जहांगीरमध्ये चित्रकाराला आणि ससून डॉकवर आधी सुरक्षारक्षकाला व मग समोरच्या माणसाला विचारावे. गेटवेवर छापील छायाचित्र देणारे छायाचित्रकार भेटतात. त्यांची सेवा सशुल्क आहे, तेव्हा दर आधी ठरवावा.

२०. पाणी, स्वच्छतागृह आणि बसायची जागा यांचे काय?

पाण्याची बाटली घरून भरून न्यावी. स्वच्छतागृहासाठी सीएसएमटी आणि चर्चगेट ही दोन स्थानके हाताशी असतात. तेथे काही ठिकाणी किरकोळ शुल्क असते, म्हणून सुटे पैसे ठेवावेत. स्त्रियांनी फोर्टमधून निघण्यापूर्वी स्थानकावरच जाऊन यावे, कारण ओव्हल ते गेटवे या पट्ट्यात सोय मिळेलच याची खात्री नसते. डबा आणला असेल, तर हॉर्निमन सर्कलच्या बागेत दुपारी एकच्या आधी पोहोचावे, आणि खरकटे, कागद सोबत आणलेल्या पिशवीत घालून परत न्यावेत.